गुरुजनांस टाक्यांची भेट

५ सप्टेंबर हा डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस १९६२ पासून शिक्षकदिन म्हणून पाळतात. पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांत पाळीवर राबणाऱ्या कित्येक घरांस त्या दिवशी विकतची भेट परवडत नाही. परंतु त्यात संकोच कसला? विधवेच्या दमडीची थोरवी आपण जाणतोच.

आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवीत. त्याच रीतीने मुलाने चष्म्याची पिशवी करावी, असे आम्ही सुचवितो. सुती लुगड्याचे सव्वा वीत लांबरुंद दोन तुकडे एकावर एक ठेवून, कडा आत दुमडून, सर्वत्र धावदोरा घालावा, म्हणजे कापड जाड होऊनही मऊ राहते. मग मधोमध घडी घालून तळ व उघडी बाजू शिवावी.

टाका वाकडा पडला तरी आईने तो उसवू नये. गुरुजन त्या वाकड्या टाक्यातच आपला विद्यार्थी ओळखतील.