मापात माप : लेखांक ९
एका सुताचा हिशेब

मागच्या लेखांकात आपण उडवलेल्या पुंगळीला पुन्हा मूळ अंगावर आणणारी साइझिंग डाय पाहिली. आज तिच्यासमोर बसणारा शेल होल्डर. अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा पोलादी गोल तुकडा, एका बाजूने उघडी खाच, मधोमध जुना प्रायमर खाली पडायला भोक. डायच्या मानाने किंमत किरकोळ, म्हणून खरेदीच्या यादीत तो शेवटी येतो आणि ‘पुंगळी आत सरकली ना, मग झालं’ म्हणून उचलला जातो. माझा सगळा आक्षेप त्या ‘मग झालं’ला आहे.

हा व्याप अमेरिकेतला. मी ओहायोत राहतो, इथे घरच्या टेबलावर काडतुसं भरणं हा कायदेशीर छंद आहे. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायला परवाना लागतो, त्यामुळे वाचकांनी हे समजून घेण्यापुरतंच घ्यावं. आपल्याकडच्या नेमबाजांचाही याच्याशी फारसा संबंध येत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्य मिळवलं, त्यात .२२ रिमफायर काडतूस वापरतात. त्याचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. ती कड एकदा चेपली की पुंगळीचं आयुष्य संपलं.

सेंटरफायरचं तसं नाही. तिथे प्रायमर बुडाच्या मध्यभागी वेगळा बसतो, तो बदलता येतो आणि पितळेची पुंगळी पुन्हा भरता येते. होल्डर धरतो ती या पुंगळीच्या बुडाची कड. प्रेसचा दांडा वर जाताना पुंगळी होल्डरच्या तळावर टेकून डायमध्ये ढकलली जाते, खाली येताना होल्डरचे दोन ओठ कडेला धरून तिला बाहेर ओढतात. खाच सैल असेल तर वर जाताना काहीच कळत नाही. उतरताना ओठ कडेच्या जेमतेम टोकाला धरतात, कड फाटते आणि पुंगळी डायमध्येच अडकून बसते. मग बुडाला भोक पाडा, त्यात आटे पाडा, बोल्ट लावून खेचा. अर्धा दिवस जातो.

आता नंबरांचा घोळ. .३०८ विंचेस्टरसाठी आरसीबीएसचा होल्डर ३ नंबरचा, लीचा २ नंबरचा, हॉर्नडीचा १ नंबरचा. तिन्ही एकाच कामाचे. नंबर म्हणजे त्या त्या कंपनीचा कपाटातला क्रमांक, माप नव्हे. माप शोधायचं तर कडेचा व्यास बघावा. १८८८च्या जर्मन लष्करी काडतुसाचं बूड ०.४७३ इंचाचं, म्हणजे जवळजवळ बरोबर १२ मिलिमीटर. तेच बूड पुढे १९०६च्या .३०-०६ मध्ये आलं, तिथून .२७०, .३०८, .२४३ अशा सगळ्या गोतावळ्यात गेलं. .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस या घराण्यातलं नाही, पण त्याची कड ०.४८० इंच, म्हणून तेही त्याच होल्डरमध्ये बसतं. उलट .२२३ची कड ०.३७८ इंच, तिला वेगळा होल्डर हवा. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या थ्री-नॉट-थ्रीची कड अंगाबाहेर आलेली, ०.५४० इंच. तीही या होल्डरमध्ये जाणार नाही.

इथवरचं कोणत्याही तक्त्यात सापडतं. ज्या मापाबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते पुढे आहे. पुंगळीचं बूड जिथे टेकतं तो खाचेचा तळ आणि होल्डरचा वरचा माथा यांतलं अंतर. रूढ माप ०.१२५ इंच. भोसरीच्या टूलरूममध्ये मी उमेदवारी केली, तिथे याला सरळ ‘एक सूत’ म्हणत. डाय बनवणारा हे एक सूत गृहीत धरून डायची पोकळी कोरतो. डाय होल्डरच्या माथ्याला टेकली की पुंगळीचा खांदा, म्हणजे ती तोंडाकडे निमुळती होते तो भाग, बुडापासून नेमका कुठे यायचा, ते निम्मं डायने ठरवलेलं असतं आणि निम्मं होल्डरने.

माझ्याकडे एका कंपनीची डाय होती आणि जुन्या सामानात मिळालेला दुसऱ्या कंपनीचा होल्डर. नंबर तक्त्याप्रमाणे बरोबर, पुंगळी बिनतक्रार सरकत होती. पण साइझ केलेली पुंगळी रायफलीत घातली की बोल्टची मूठ शेवटच्या टप्प्यावर अडायची. तीन संध्याकाळी मी डायवर संशय घेतला. शेवटी डेप्थ मायक्रोमीटर होल्डरमध्ये उभा केला, तर ०.१२८. एका सुताला तीन हजारांश जास्त. तेवढ्यानेच डाय खांद्यापर्यंत पोचायच्या आधी माथ्याला थडकत होती. दोष डायचा नव्हताच.

हीच चूक उलट्या दिशेने झाली तर बोल्ट अडत नाही, उलट छान गुळगुळीत बंद होतो, आणि धोका तिथेच आहे. होल्डर एक सुतापेक्षा कमी असेल तर खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला जातो. बार होताना पुंगळीच्या भिंती चेंबरला घट्ट चिकटतात, बुडाला मात्र मागे सरकायला जागा असते. .३०८मध्ये दाबाची मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. त्या दाबाखाली बुडाच्या जरा वरचं पितळ ताणलं जातं. पुन्हा भरलं की पुन्हा ताण. काही फेऱ्यांनी आतून एक गोल चर पडतो आणि एके दिवशी बूड सुटून येतं. तोंडाशी बारीक बाक दिलेली तार पुंगळीत घालून आतल्या भिंतीवरून वर ओढून बघा. चर असेल तिथे टोक अडखळतं. बाहेरून तिथेच पितळावर फिकट चकचकीत कडं दिसतं. अशी पुंगळी मी पक्कडीने चेपून मगच भंगारात टाकतो, म्हणजे चुकून परत हातात येत नाही.

‘डाय होल्डरला टेकवा आणि वर अष्टमांश ते पाव फेरा द्या’ ही सूचनाही याच हिशेबातली. या डायच्या आट्यांचं प्रमाण इंचाला १४, म्हणजे एक पूर्ण फेरा साधारण १.८ मिलिमीटर, पाव फेरा अर्ध्या मिलिमीटरच्या आत. तो लागतो कारण प्रेस वाकतो. रिकामा दांडा वर नेला की डाय आणि होल्डर चिकटलेले दिसतात. पुंगळी घालून तेच करा आणि मागे दिवा धरा, केसाएवढी उजेडाची रेघ दिसते. ती रेघ जाईपर्यंत फेरा द्यायचा, त्यापुढे नाही. खांदा नेमका हवा तिथे थांबवायचा असेल तर रेडिंग मुद्दाम उंच होल्डरांचा संच विकते, दोन हजारांशांच्या पायरीने दोनपासून दहा हजारांशांपर्यंत. होल्डर जितका उंच तितका खांदा कमी ढकलला जातो. डायला हात न लावता माप बदलतं, हे मला फार आवडतं.

पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांच्या कार्बाइड डायला मात्र यातलं काही लावू नका. तिच्या तोंडाशी टंगस्टन कार्बाइडचं कडं असतं. त्यामुळे पुंगळीला वंगण लागत नाही, पण ते काचेसारखं ठिसूळ असतं. होल्डर जोरात थडकला की तडा जातो. .४५ एसीपी आणि .३०८ यांचा होल्डर एकच असल्यामुळे एकाच बैठकीत एकावरून दुसऱ्यावर जाताना हात सवयीने पाव फेरा देऊन मोकळा होतो. मी कार्बाइड डाय बसवताना होल्डरवर आधी एक व्हिजिटिंग कार्ड ठेवतो, डाय त्या कार्डाला टेकवतो, चेकनट आवळतो आणि मग कार्ड ओढून काढतो.