पिशवीवरचा चौकोन : आपला माल आपल्या नावाने विकण्याची एक युक्ती



औराद असो वा उदगीर, बीदर असो वा भालकी, चहाच्या टपरीपासून खतांच्या दुकानापर्यंत जिकडे तिकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवलेला दिसतो. लोक त्याला 'स्कॅनर' म्हणतात. त्याचे खरे नाव क्यूआर कोड. मोबाइल धरला की पैसे पोहोचतात, एवढाच त्याचा उपयोग बहुतेकांना ठाऊक आहे. पण हा माल कोणाचा, कुठला, कसा पिकवलेला हे गिऱ्हाइकाला सांगण्याचे कामही हाच चौकोन करतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे दुसरे काम अधिक मोलाचे आहे.

आपली तूर आडतीवर गेली की दहा गावांच्या ढिगात मिसळते. कोणी वेळेवर फवारणी केली, कोणी नीट वाळवून चाळून आणली, याचा पुढे पत्ता राहत नाही. नाव पुसले की भावही ढिगाचाच मिळतो. 'बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत,' अशी म्हण आहे. आपण तिथे हजर नसताना आपला माल बोलता कसा करावा, ते आता पाहू.

हा चौकोन आला कोठून?

जपानमधील डेन्सो ही मोटारींचे सुटे भाग करणारी कंपनी. पूर्वीच्या उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये साधारण वीसच अक्षरे मावत, त्यामुळे एका खोक्यावर अनेक बारकोड लावावे लागत आणि कामगार ते वाचता वाचता थकून जात. यावर उपाय म्हणून मासाहिरो हारा यांनी १९९४ साली क्यूआर कोड तयार केला. 'गो' या जपानी पटावरील काळ्या-पांढऱ्या सोंगट्या पाहून त्यांना ही रचना सुचली. त्यात नुसते आकडे असतील तर ७,०८९ पर्यंत मावतात. कंपनीने पेटंट घेतले, पण वापरणाऱ्यांकडून मोबदला मागितला नाही. म्हणून हा कोड आज कोणीही फुकट वापरू शकतो.

तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन मोबाइलला दिशा दाखवतात. त्यामुळे पिशवी आडवी धरली, उलटी धरली तरी कोड वाचता येतो. शिवाय मजकुराबरोबर दुरुस्तीची माहितीही आत भरलेली असते. सर्वांत पक्क्या प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता येतो. पोत्यावर, डब्यावर, शेताच्या फाटकावर तो टिकतो याचे कारण हेच.

देवगडच्या बागायतदारांनी काय केले?

देवगड हापूसच्या नावाखाली दुसरीकडचे आंबे विकले जातात, ही कोकणची जुनी तक्रार. त्यात बोट बहुधा आपल्या कर्नाटकाकडेच दाखवले जाते! देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर खास चिकटपट्टी लावण्याची योजना आणली. तिच्यावरील क्रमांकाचा काही भाग बाहेर दिसतो, काही आतल्या बाजूस असतो. गिऱ्हाइकाने तो व्हॉट्सॲपवर पाठवला की उरलेला भाग विचारला जातो आणि जुळला तर बागायतदाराची माहिती मिळते. हा क्यूआर कोड नव्हे, पण विचार तोच : फळाबरोबर शेतकऱ्याचे नाव गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत जावे.

आपल्या भागातही नाव असलेला माल आहे. गुलबर्गा तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र आपले शेत त्या ठरलेल्या क्षेत्रात बसते का ते आधी पाहावे, आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय ते नाव पिशवीवर छापू नये. ती नोंद नसली तरी आपल्या गावाचे व स्वतःचे नाव लावायला कोणाची आडकाठी नाही.

कोठे व कसा वापरावा?

१. डाळीच्या पिशवीवर : पेरणी, फुलोरा, काढणी आणि गिरणी अशी चार छायाचित्रे व दोन ओळी माहिती ठेवावी. सोबत डाळ शिजवण्याची घरची पद्धत द्यावी. गृहिणी ती आवडीने वाचतात.

२. रोपवाटिकेत : रोपाच्या पिशवीला कोडची चिठ्ठी बांधावी. खड्डा केवढा, पाणी किती, खत केव्हा हे त्यात सांगावे. रोप जगले की तेच गिऱ्हाईक पुन्हा येते.

३. तीन भाषांत : आपल्या सीमाभागात कोणी मराठी, कोणी कन्नड, कोणी दखनी बोलतो. छापील चिठ्ठीवर तिन्हींना जागा नसते, कोडमागच्या पानावर असते. वाचता न येणाऱ्यांसाठी आवाजातील निरोपही ठेवता येतो.

४. पुन्हा मागणीसाठी : मध, तूप, लोणचे यांच्या झाकणावर असा कोड लावावा की तो वाचताच आपल्या व्हॉट्सॲपवर मागणीचा निरोप तयार व्हावा. बाटली संपते त्याच क्षणी गिऱ्हाइकाला आपली आठवण व्हावी.

५. रेंज नसलेल्या ठिकाणी : थोडा मजकूर थेट कोडमध्येच भरता येतो, त्याला इंटरनेट लागत नाही. मात्र देवनागरी अक्षर इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा घेते. मजकूर चार-पाच ओळींचाच ठेवावा, नाहीतर ठिपके बारीक होऊन कोड वाचता येत नाही.

छापताना घ्यावयाची काळजी

पांढऱ्यावर काळा हाच रंग उत्तम. चारी बाजूंनी मोकळी जागा सोडावी. जितक्या अंतरावरून वाचायचा त्याच्या दहाव्या भागाएवढा कोड असावा : हातातल्या पिशवीवर अडीच सेंटिमीटर, दोन मीटरवरून पाहायच्या फलकावर वीस सेंटिमीटर. चकचकीत किंवा चुरगळणाऱ्या जागी लावू नये. हजार चिठ्ठ्या छापण्यापूर्वी एक छापून तीन-चार वेगवेगळ्या मोबाइलवर, एखाद्या जुन्यावरही, वाचून पाहावी.

कोड बनवून देणाऱ्या काही कंपन्या आधी फुकट देतात आणि मुदत संपताच तो बंद पाडून पैसे मागतात. तोवर आपल्या पिशव्या बाजारात गेलेल्या असतात. म्हणून साधा, कायम चालणारा कोडच घ्यावा. तसेच वजन, किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, नाव-पत्ता व अन्नपदार्थाचा नोंदणी क्रमांक हे पिशवीवर अक्षरांत छापलेच पाहिजे. कोड आहे म्हणून ते टळत नाही.

फसवणुकीपासून सावध

जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहो येथे चोरट्यांनी रात्रीतून दुकाने व पेट्रोल पंपावरील कोडवर स्वतःचे कोड चिकटवले. गिऱ्हाइकांचे पैसे परस्पर त्यांच्या खात्यात जाऊ लागले. म्हणून दुकान उघडताच कोडवरून बोट फिरवून पाहावे आणि स्वतः तो वाचून आपलेच नाव येते याची खात्री करावी. दुसरे असे की पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका," असे कोणी म्हणाला तर तो चोर समजावा.

आरोग्यासाठीही हाच चौकोन

१ ऑगस्ट २०२३ पासून सरकारने ठरवलेल्या ३०० औषधांच्या वेष्टनावर असा कोड सक्तीचा झाला आहे. त्यात औषधाचे नाव, कंपनी, बॅच क्रमांक आणि मुदत कधी संपते हे असते. घरातील म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या आणल्या की मुलांकरवी तो वाचून घ्यावा व छापील मजकुराशी ताडून पाहावा.

कोड माल सुधारत नाही, हे मात्र विसरू नये. डाळीत खडे निघाले तर त्याच कोडमुळे गिऱ्हाइकाला आपले नाव पक्के लक्षात राहील! येत्या सुगीत सगळी तूर अडवून न ठेवता एक क्विंटलच बाजूला काढावी. गिरणी कशी आहे त्याप्रमाणे तिची साधारण ६५ ते ७५ किलो डाळ होते. एकेक किलोच्या पिशव्या भराव्यात, कोड लावावा, ओळखीच्या घरांत द्याव्यात आणि किती जण पुन्हा मागणी करतात ते वहीत मांडावे. दळणावळ, पिशवी व छपाईचा खर्च वजा जाता आडतीपेक्षा चार पैसे जास्त उरले, तर पुढच्या वर्षी दोन क्विंटल करावे.