युरोपची जहाजे आपल्या किनाऱ्याला का लागली?

वास्को-द-गामाने १४९८ मध्ये भारताचा शोध लावला, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत कधी ना कधी पाठ केलेले आहे. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, व्यापाराचे खुष्कीचे मार्ग बंद झाले आणि म्हणून युरोपीय राष्ट्रे समुद्रात उतरली, हे उत्तरही परीक्षेत पूर्ण गुण मिळवून देते. दोन्ही विधानांत तथ्य आहे. परंतु ती अपुरी आहेत. निवासी शाळेत इतिहास शिकविताना ही उणीव आम्हांला नेहमी जाणवते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही हा विषय माजी विद्यार्थी आणि पालकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम ‘शोध’ या शब्दाचा विचार करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत आपल्या मुलखातील दोन नगरांची नावे आहेत : पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. कपिलधारच्या उत्तरेला पैठण आणि दक्षिणेला तेर. तेथील मौल्यवान खडे आणि सुती वस्त्रे गाड्यांतून भडोच बंदरात जात व पुढे पश्चिमेकडे रवाना होत. कार्ले येथील बौद्ध चैत्यगृहाच्या स्तंभांवर तर दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत. हा देश पश्चिमेला अज्ञात नव्हता. पंधराव्या शतकात शोध होता तो देशाचा नव्हे, तेथे थेट पोहोचण्याच्या वाटेचा.

ही वाट हवीशी का वाटली? मिरी, दालचिनी, लवंग यांना युरोपातील श्रीमंतांच्या स्वयंपाकघरांत आणि औषधांत मोठी मागणी होती. मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून इजिप्तमधील अलेक्झांड्रियाला पोहोचे आणि तेथून व्हेनिसचे व्यापारी ती युरोपात नेत. प्रत्येक टप्प्यावर जकात आणि नफा वाढत जाई. मोंढ्यात माल घालणाऱ्या आपल्या शेतकरी पालकांना मधल्या हातांचे हे गणित समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १४५३ नंतरही अलेक्झांड्रियाचा हा व्यापार सुरूच होता. शिवाय पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतील सेउता हे बंदर १४१५ मध्येच, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या ३८ वर्षे आधी, जिंकले होते. तेव्हा केवळ रस्ता बंद झाला म्हणून ते निघाले नाहीत. दुसऱ्याच्या हाती असलेला नफा आपल्या हाती यावा, ही प्रेरणा अधिक बलवत्तर होती.

तिला राजसत्ता आणि धर्मसत्ता यांचे पाठबळ लाभले. पोर्तुगाल हे लहान राष्ट्र. आफ्रिकेच्या सोन्यातून आणि पूर्वेच्या व्यापारातून खजिना भरावा, ही तेथील राजांची आकांक्षा होती. १४९४ च्या तोर्देसिल्यास तहान्वये स्पेन आणि पोर्तुगाल यांनी युरोपबाहेरचे जग आपापसांत वाटूनही घेतले; तेथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. कालिकतला पोहोचलेल्या गामाच्या माणसाने आपण ख्रिस्ती लोक आणि मसाले यांच्या शोधात आलो आहोत, असे सांगितल्याची नोंद त्या सफरीच्या रोजनिशीत आहे.

साधनेही हाताशी आली होती. होकायंत्र, ताऱ्यांची उंची मोजणारे यंत्र आणि चपळ कॅरॅव्हेल जहाजे यांच्या बळावर आफ्रिकेचा किनारा टप्प्याटप्प्याने उलगडला. परंतु शेवटचा टप्पा गामाने पूर्व आफ्रिकेतील मालिंदी बंदरातून घेतलेल्या जाणत्या वाटाड्याच्या साहाय्याने ओलांडला. मोसमी वाऱ्यांचे ज्ञान या समुद्रावरच्या नाविकांजवळ शतकानुशतके होते. गामाबरोबर निघालेल्या सुमारे १७० जणांपैकी मायदेशी परतले ते सुमारे ५५. नफा राजाचा आणि सावकारांचा झाला. प्राण खलाशांचे गेले.

याचे परिणाम समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या प्रदेशापर्यंत पोहोचले. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडून गोवा घेतला. पुढे ‘कार्ताझ’ नावाचा त्यांचा परवाना घेतल्याशिवाय व्यापारी जहाजांना निर्धोकपणे फिरता येईना. चौल हे बंदर निजामशाहीचे होते आणि आपले बीडही त्याच राज्यात. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी चौलला किल्ला उभारला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने त्याला वेढा घातला. परंतु समुद्रमार्गे कुमक येत राहिल्याने तो यशस्वी झाला नाही. याच मुर्तझाच्या कारकिर्दीत बीडची प्रसिद्ध खजाना विहीर बांधली गेली. भूगर्भातील पाणी इतक्या कौशल्याने शेतापर्यंत नेणाऱ्या राज्याला स्वतःच्या बंदरासमोरचा समुद्र मात्र आपल्या हाती राखता आला नाही.

पोर्तुगीजांनी सागरी मार्गांची माहिती इतरांपासून काळजीपूर्वक लपवून ठेवली होती. तिला तडा गेला तोही गोव्यातूनच. १५८३ मध्ये यान लिन्शोटेन हा तरुण डच मनुष्य गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला. पाच वर्षांहून अधिक काळ त्याने वारे, बंदरे, माल आणि भाव यांची टिपणे जमविली आणि मायदेशी परतल्यावर १५९६ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १५९८ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. १६०० मध्ये इंग्रजांची आणि १६०२ मध्ये डचांची ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. भांडवल आणि महत्त्वाकांक्षा त्यांच्याजवळ होतीच. वाट दाखविणारी माहितीही आता हाती आली होती. शंभर वर्षांची मक्तेदारी मोडण्यास केवळ तोफा नव्हे, एका चिटणिसाची टिपणेही कारणीभूत झाली.

ज्ञान कुलूपबंद ठेवल्याने कोणाचे भले होते आणि ते खुले झाल्याने काय घडते, हे आपल्या समाजाने स्वतःच्या इतिहासात अनुभवलेले आहे. म्हणून ‘शोध’ हा शब्द पुस्तकात आला की आमच्या विद्यार्थ्यांनी तेथे थांबावे आणि विचारावे : शोध कोणी लावला, खर्च कोणी केला, लाभ कोणाला झाला आणि जे तेथे आधीपासून राहत होते त्यांचे काय झाले? परीक्षेत हे प्रश्न येतीलच असे नाही. तरी ते विचारण्याची सवय मुलांना लागावी, यासाठी घरी पालकांनीही त्यांच्याशी या विषयावर बोलावे, अशी आमची विनंती आहे.