लहान मुलांचे घोरणे

घोरणारे मूल गाढ झोपले आहे, हा समज पुष्कळदा चुकीचा असतो. नाकामागील अ‍ॅडिनॉइड व घशातील टॉन्सिल या ग्रंथी दोन ते आठ वर्षांच्या वयात श्वासमार्गाच्या मानाने मोठ्या असतात. झोपेत स्नायू सैल पडले की अरुंद वाटेने जाणारी हवा मऊ टाळूस कंप देते; तोच घोरण्याचा आवाज होय. कोलकात्यात हिवाळ्यात धूर व धूळ जमिनीलगत साचतात. त्यांनी नाकाचे अस्तर सुजून ही वाट अधिकच आकुंचित होते. सर्दीतील घोरणे सर्दीबरोबर जाते. परंतु मूल आठवड्यातून तीन वा अधिक रात्री घोरत असेल व श्वास मध्येच थांबत असेल, तर झोप वारंवार मोडते. मूल दिवसा चिडचिडे व वर्गात बेध्यान होते, वाढही खुंटू शकते. अशा मुलास मंद ठरविण्यापूर्वी त्याचे नाक व घसा डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत.