मोटार खरेदीतील अप्रकट आकारणी : स्वरूप, कायदेशीर आधार आणि ग्राहकाचे उपाय

प्रस्तावना :

भारतात १९९१ च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी मोटार ही मोजक्या कुटुंबांची मिरासदारी होती. गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षे क्रमांक लागण्याची वाट पाहायची, असा तो काळ होता. विक्रेत्याला ग्राहकाची गरज नव्हती, ग्राहकालाच विक्रेत्याची गरज होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, पुढे अनेक देशी-विदेशी कंपन्यांनी बाजारपेठेत प्रवेश केला आणि मध्यमवर्गीय नोकरदारही मोटारीचा ग्राहक झाला. घराखालोखाल सर्वांत मोठी खरेदी म्हणून आज या वर्गाच्या अंदाजपत्रकात मोटारीचे स्थान आहे. ती बहुधा कर्ज काढूनच केली जाते.

बाजारपेठ ग्राहकाची झाली, तरी मोटारीचे देयक मात्र ग्राहकाचे झालेले नाही. जाहिरातीत दिसणारी किंमत आणि प्रत्यक्ष हाती पडणारे दरपत्रक यांत मोठे अंतर असते. या अंतरातील काही रक्कम कायद्याने देय असते, काही ग्राहकाच्या निवडीवर अवलंबून असते, तर काही रकमेला कोणताही आधार नसतो. या तिन्ही रकमा ‘ऑन-रोड किंमत’ या एकाच शब्दाखाली एकत्र येतात आणि येथेच ग्राहकाची फसगत सुरू होते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील नव्या मोटारीच्या खरेदीसंदर्भात या आकारणीची उकल करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. मोटारीच्या एकूण किमतीतील घटकांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. ‘हाताळणी आकार’ व तत्सम आकारणीचा कायदेशीर आधार तपासणे.
३. ग्राहकास उपलब्ध असलेल्या उपायांची मांडणी करणे.

अभ्यास पद्धती व व्याप्ती :

प्रस्तुत लेखासाठी विवेचनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मोटार वाहन, विमा, कर आणि ग्राहक संरक्षण यांविषयीचे अधिनियम व नियम हा विवेचनाचा आधार आहे. व्यक्तीच्या नावावर नोंदल्या जाणाऱ्या खासगी मोटारीपुरतीच लेखाची व्याप्ती मर्यादित आहे. जुन्या वाहनांचा व व्यावसायिक वाहनांचा विचार येथे केलेला नाही.

‘ऑन-रोड’ किमतीची घडण :

‘ऑन-रोड किंमत’ ही कायद्यातील संज्ञा नाही, ती व्यापारातील बोली आहे. तिचे विभाजन करताना एकच प्रश्न विचारणे पुरेसे ठरते : ही रक्कम अंतिमतः कोणाकडे जाते? या निकषावर एक्स-शोरूम किमतीच्या वरच्या रकमेचे तीन गट पडतात.

(अ) शासनाकडे जाणारी रक्कम : वस्तू व सेवा कर एक्स-शोरूम किमतीतच समाविष्ट असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवर १८ टक्के व मोठ्या मोटारींवर ४० टक्के असे त्याचे दर करण्यात आले आणि भरपाई उपकर रद्द झाला. त्यावर राज्याचा एकरकमी मोटार वाहन कर येतो. महाराष्ट्रात पेट्रोल मोटारीसाठी १० लाख रुपये किमतीपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के व त्यापुढे १३ टक्के, तर डिझेल मोटारीसाठी अनुक्रमे १३, १४ व १५ टक्के असा हा दर आहे. म्हणजे ८ लाख रुपयांच्या पेट्रोल मोटारीवर ११ टक्के दराने ८८,००० रुपये होतात. नोंदणीचे शुल्क मात्र अत्यल्प आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार हलक्या खासगी वाहनाचे नोंदणी शुल्क ६०० रुपये, कर्जाचा बोजा नोंदविण्याचे शुल्क १,५०० रुपये आणि स्मार्ट कार्डचे शुल्क २०० रुपये आहे. दरपत्रकावरील ‘आर.टी.ओ. खर्च’ हा ठोक आकडा या रकमांच्या बेरजेहून बराच मोठा असेल, तर फरकाचा हिशेब मागणे हा ग्राहकाचा अधिकार आहे. कर व शुल्क भरल्याची शासकीय पावती निघते, त्यामुळे हा हिशेब रुपयापर्यंत पडताळता येतो.

१० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मोटारीवर १ जून २०१६ पासून विक्रेत्याने १ टक्का आयकर गोळा करावयाचा आहे. हा वाढीव खर्च नसून खरेदीदाराच्या स्थायी खाते क्रमांकावर जमा होणारा आगाऊ कर आहे. विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. अनेक पगारदार ग्राहक तो बुडीत धरतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

(ब) विमा कंपनीकडे जाणारी रक्कम : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १४६ नुसार त्रयस्थ पक्ष विमा अनिवार्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा हप्ता विमा कंपनी ठरवीत नाही, तो अधिसूचनेद्वारे ठरतो. त्यामुळे या भागात घासाघीस संभवत नाही. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा व त्यावरील पूरक संरक्षणे यांचे मात्र तसे नाही. त्यांचे दर कंपनीगणिक बदलतात आणि नेमक्या याच भागावर वितरकाला मोबदला मिळतो. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने १ नोव्हेंबर २०१७ पासून वितरकांच्या विमाविक्रीला नियमांच्या चौकटीत आणले. विमा कोणाकडून घ्यावा, ही निवड ग्राहकाचीच राहते. ‘विमा आमच्याकडून घेतला तरच गाडी’ किंवा ‘तरच सवलत’ असे सांगितले जात असेल, तर ती व्यापारातील सक्ती आहे, कायद्यातील नव्हे. चालक-मालकाच्या १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात संरक्षणाचेही तसेच आहे. तेवढ्या रकमेची अपघात पॉलिसी आधीच असल्यास ते पुन्हा विकत घेण्याचे कारण नाही.

(क) वितरकाकडे राहणारी रक्कम : हाताळणी आकार, लॉजिस्टिक आकार, डेपो आकार, कागदपत्र शुल्क, ‘बेसिक किट’, टेफ्लॉन लेप, गंजरोधक लेप, वाढीव वॉरंटी इत्यादी नावे या गटात येतात. यांपैकी काही खऱ्या वस्तू व सेवा आहेत. ग्राहकाने समजून-उमजून त्या घेतल्यास आक्षेपाचे कारण नाही. वाढीव वॉरंटी काहींना उपयुक्तही ठरते. आक्षेप आहे तो न मागता देयकात बसविलेल्या वस्तूंना आणि ज्यांच्या मोबदल्यात काहीच मिळत नाही अशा आकारांना.

हाताळणी आकाराचा कायदेशीर आधार :

हाताळणी आकार म्हणजे काय, असे विचारल्यास सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. कारखान्याच्या गोदामातून गाडी आणण्याचा खर्च हे पहिले आणि नोंदणीसाठी कराव्या लागणाऱ्या धावपळीचा खर्च हे दुसरे. दोन्ही उत्तरे तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिल्या उत्तराचा प्रतिवाद ‘एक्स-शोरूम’ या शब्दातच आहे. ही किंमत विक्रीदालनात उभ्या असलेल्या गाडीची आहे, कारखान्याच्या फाटकातील गाडीची नव्हे. गाडी दालनापर्यंत पोहोचविण्याचा खर्च व वितरकाचा नफा त्यात धरलेला असतो. तोच खर्च वेगळ्या नावाने पुन्हा घेणे म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणे होय.

दुसऱ्या उत्तराबाबत कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ४२ अन्वये, व्यवसाय प्रमाणपत्र धारण करणाऱ्या विक्रेत्याला तात्पुरत्या किंवा कायम नोंदणीशिवाय वाहन ग्राहकाच्या ताब्यात देताच येत नाही. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने कलम ४१ मध्ये भर घालून, वितरक ज्या राज्यात आहे त्याच राज्यात नोंदणी होणार असेल तर नोंदणीचा अर्ज वितरकानेच करावा, अशी तरतूद केली. त्याच कायद्याने कलम ४४ मध्ये बदल करून, अधिकृत वितरकाने विकलेले नवे वाहन प्रथम नोंदणीसाठी परिवहन कार्यालयात हजर करण्याची गरज ठेवली नाही. अर्ज करणे हे वितरकाचे वैधानिक कर्तव्य आणि गाडी कार्यालयात न्यावी लागतच नाही, अशा स्थितीत ‘धावपळ’ नेमकी कशाची, हा प्रश्न उरतो. स्वतःवरील वैधानिक कर्तव्य पार पाडण्यासाठी ग्राहकाकडून वेगळा मोबदला घेण्यास या तरतुदींत कोठेही आधार दिसत नाही.

वितरकांची बाजूही येथे विचारात घेतली पाहिजे. जागेचे भाडे, कर्मचाऱ्यांचे वेतन, न विकल्या गेलेल्या गाड्यांवरील कर्जाचे व्याज यांच्या तुलनेत नफ्याचे प्रमाण तुटपुंजे आहे, असे वितरकांच्या संघटना मांडत आल्या आहेत. ही तक्रार खरी मानली, तरी तिचे निवारण निर्माता कंपनीकडे मागावयास हवे. वाजवी नफा उघड किमतीत असावा, तो देयकाच्या तळाशी दडवू नये.

अप्रकटतेचे खरे स्वरूप : वेळ

या आकारणीला ‘छुपी’ म्हटले जाते, परंतु ती नेहमी अदृश्य असते असे नाही. पुष्कळदा ती दरपत्रकावर छापलेलीही असते. मात्र ती ग्राहकाच्या नजरेस येते तेव्हा निर्णयाची वेळ टळून गेलेली असते. नोंदणीची रक्कम भरलेली असते, कर्ज मंजूर झालेले असते, जुनी गाडी विकलेली असते. महाराष्ट्रात यात मुहूर्ताची भर पडते. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा वा बलिप्रतिपदा या दिवशी गाडी दारात यावी, अशी अनेक कुटुंबांची इच्छा असते. दालनात सारे कुटुंब जमलेले आहे, गाडीला हार घातला आहे, पेढ्यांचा पुडा हाती आहे, आणि अशा वेळी काही हजारांचा एक आकार समोर येतो. वाद घालून शुभदिनाला गालबोट लावण्यापेक्षा पैसे देऊन मोकळे होणे माणूस पसंत करतो. ग्राहकाची सौदाशक्ती त्या क्षणी सर्वांत कमी असते आणि आकारणीची वेळ त्यानुसारच साधलेली असते.

ग्राहक धोरणाच्या परिभाषेत याला किंमत थेंबाथेंबाने उघड करण्याची क्लृप्ती म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ क्लृप्त्यांचा समावेश आहे. न विचारता खरेदीत वस्तू घुसडणे हीसुद्धा त्यांतील एक होय. ही तत्त्वे ऑनलाइन व्यवहार डोळ्यांसमोर ठेवून आली असली, तरी वृत्ती ओळखण्यास ती दालनातही उपयोगी पडतात.

कर्जामुळे हा भार वाढतो. समजा, ४०,००० रुपयांचे अनावश्यक आकार व साहित्य कर्जाच्या रकमेत मिळविले गेले. ९ टक्के दराने पाच वर्षांत त्यापोटी दरमहा सुमारे ८३० रुपये व एकूण सुमारे ४९,८०० रुपये जातात. हप्त्यात ८३० रुपयांची वाढ जाणवत नाही, म्हणूनच ती सहज स्वीकारली जाते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदारास सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखविणारे मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. दालनातच कर्ज घेणाऱ्यांनी ते स्वाक्षरीपूर्वी वाचावे.

ग्राहकाचे कायदेशीर उपाय :

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हा जुलै २०२० मध्ये अमलात आला. एक वस्तू विकण्यासाठी दुसरी वस्तू वा सेवा घेण्याची अट घालणे ही त्यातील कलम २(४१) नुसार निर्बंधात्मक व्यापारी प्रथा आहे. देयक वा पावती न देणे हे कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडते. हाताळणी आकार अनेकदा रोखीने व पावतीविना घेतला जातो, हे पाहता या तरतुदीचे महत्त्व लक्षात येते.

तक्रारीची पहिली पायरी म्हणजे वितरकाला व निर्माता कंपनीला लेखी पत्र. दुसरी, १९१५ या क्रमांकाची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याकडेही तक्रार करता येते, कारण वितरकाचे व्यवसाय प्रमाणपत्र त्या कार्यालयाच्या अखत्यारीत असते. अखेरची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेले व्यवहार तेथे येतात. ५ ते १० लाखांच्या व्यवहारासाठी तक्रार शुल्क २०० रुपये, तर १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आहे. वकील देणे सक्तीचे नाही, ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे.

अन्य देशातील एक दाखला :

औषधाच्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, मोटारीवर भारतात तशी छापील किंमत नसते. अमेरिकेत सिनेटर माइक मन्रोनी यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये झालेल्या कायद्याने प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर निर्मात्याची सुचविलेली किंमत, जादा साधनांची किंमत व वाहतूक खर्च दाखविणारी पट्टी सक्तीची केली. तरीही वितरकांचे अतिरिक्त आकार तेथे संपले नाहीत. ते रोखण्यासाठी तेथील संघीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये केलेला नियम जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने कार्यपद्धतीच्या कारणावरून रद्द ठरविला. तथापि, पट्टीमुळे निर्मात्याची किंमत कोठे संपते आणि वितरकाची भर कोठे सुरू होते, हे तेथील ग्राहकाला निदान दिसते.

निष्कर्ष :

१. ‘ऑन-रोड किंमत’ या शब्दात शासनाची, विमा कंपनीची व वितरकाची अशा तीन भिन्न रकमा मिसळलेल्या असतात. पहिली ठरलेली, दुसरी अंशतः निवडीची, तर तिसरी नाकारता येण्याजोगी आहे.
२. नोंदणीची जबाबदारी कायद्याने वितरकावरच टाकलेली असल्याने हाताळणी आकाराचे समर्थन करता येत नाही.
३. ही आकारणी टिकून आहे ती मुख्यतः उशिरा उघड होत असल्यामुळे. निर्णयापूर्वी कळलेली रक्कम छुपी राहत नाही.

शिफारशी :

ग्राहकाने नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी, वितरकाच्या शिक्क्यानिशी तपशीलवार दरपत्रक घ्यावे आणि त्यातील प्रत्येक ओळीसमोर रक्कम कोणाकडे जाणार हे लिहून घ्यावे. विम्याचे दर अन्य कंपन्यांकडून मागवावेत. सर्व रकमा धनादेशाने अथवा बँकेमार्फत द्याव्यात. वादग्रस्त रक्कम देणे भाग पडल्यास ‘हक्क राखून’ असे लेखी कळवून पावती घ्यावी. शासनाने प्रत्येक दालनात कर, शुल्क व विमा यांचा तपशील दर्शविणारा मराठी फलक सक्तीचा करावा. महाविद्यालयांतील वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी प्रत्यक्ष दरपत्रके वर्गात आणून विद्यार्थ्यांकडून त्यांची उकल करून घ्यावी. २४ डिसेंबरचा राष्ट्रीय ग्राहक दिन त्यासाठी योग्य निमित्त ठरेल. वर्गात दरपत्रक वाचायला शिकलेला विद्यार्थी उद्या दालनात आपल्या आईवडिलांच्या शेजारी बसलेला असेल आणि स्वाक्षरीपूर्वी, ‘हे पैसे कोणाचे?’ असा प्रश्न विचारू शकेल.