आधी आवाज शोधा, मग शीट चिकटवा

२ ऑक्टोबर २०२० रोजी महिंद्राची नवी थार बाजारात आली. त्या वेळच्या कितीतरी गाड्या आता दुसऱ्या मालकाच्या दारात उभ्या आहेत. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात असं गिऱ्हाईक भरपूर, कारण हा भागच गाड्या बनवणाऱ्यांचा. गुरखा बनवणाऱ्या फोर्स मोटर्सचं मुख्यालय आकुर्डीत आहे, थार रॉक्स चाकणमध्ये तयार होते. जुनी फोर-बाय-फोर घरी आणली की पहिली तक्रार ठरलेली असते, आवाज फार करते. त्यावरचा सल्लाही ठरलेला, डॅम्पिंग करून घ्या, म्हणजे पत्र्याला आतून आवाज दाबणारी शीट चिकटवून घ्या. माझ्या मते हा उपाय सगळ्यांत शेवटी करायचा.

एक कारण डेसिबलच्या हिशेबात आहे. सारख्याच जोराचे दोन आवाज असतील आणि त्यातला एक पूर्ण बंद केला, तरी एकूण पातळी फक्त ३ डेसिबलने उतरते. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात. म्हणून सगळ्यांत मोठा आवाज कुठला, हे आधी कळायला हवं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. झिजलेल्या बेअरिंगचा आवाज शीटखाली दबला, तरी बेअरिंगची झीज थांबत नाही.

कंपन्यांमध्ये आवाज शोधण्याच्या कामासाठी एनव्हीएच (नॉइज, व्हायब्रेशन, हार्शनेस) नावाचा वेगळा विभाग असतो. १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) या संस्थेतही त्याची प्रयोगशाळा आहे. तिथे सेन्सर जे करतात, त्यातलं बरंचसं कान आणि हात वापरून घरीही जमतं.

सगळ्यांत फसवा आवाज म्हणजे एकसुरी घरघर. ती टायरची की व्हील बेअरिंगची, यावर गॅरेजमध्ये वाद होतात. सकाळी लवकर, ट्रेलरची गर्दी सुरू होण्याआधी, मोकळ्या रस्त्यावर गाडी एका वेगात धरा. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला तर संशय टायरवर घ्यायचा. रस्ता बदलूनही तीच घरघर राहिली तर बेअरिंगवर. मग मागेपुढे कोणी नाही हे पाहून स्टिअरिंग हलकेच डावीकडे द्या. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, त्यामुळे घरघर वाढली तर बहुधा उजवं बेअरिंग गेलेलं असतं. उजवीकडे वळताना वाढली तर डावं. टायरसाठी तळहात पुरतो. नक्षीवरून तो पुढे-मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखं लागलं तर झीज असमान आहे. अलाइनमेंट तपासा आणि टायर आलटून पालटून लावा. मड टायर मात्र डांबरावर गुणगुणणारच. आठवडाभर गाडी चाकण-तळेगाव रस्त्यावर आणि डोंगर महिन्यातून एकदा असेल, तर ऑल-टेरेन टायर घेतलेले बरे.

गिअर टाकताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडताना ‘ठक्क’ होत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) बघायचे. गाडी सपाटीवर, चाकांना ओट लावून, इंजिन बंद करून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि शाफ्ट हाताने पिळा. गिअरच्या दात्यांमध्ये थोडी ढील असतेच, पण क्रॉसमध्येच खेळ दिसला तर तो बदला. ग्रीसचं निपल असेल तर आधी ग्रीस भरा. डिफरन्शियलचं ऑइलही काढून बघा. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलं आहे, बहुधा आधीच्या मालकाने गाडी पाण्यात घातली असेल, आणि ब्रीदर पाइप तपासायला हवा.

कोरड्या डांबरावर 4H (चारही चाकांना ताकद देणारा हाय गिअर) लावून वळताना गाडी अडखळते, टायर कण्हतात. नव्या मालकाला इथे घाम फुटतो. थार, गुरखासारख्या गाड्यांत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल नसतं, म्हणून हे होतं. बिघाड काही नाही. 4H तपासायचा तो मोकळ्या मातीत.

खडखड शोधायला मात्र दोन माणसं लागतात. एकाने खराब रस्त्यावर हळू चालवायचं, दुसऱ्याने मागे बसून एकेक जागा हाताने दाबत जायचं. दाबल्यावर आवाज थांबला की ती जागा सापडली. मागच्या दारावर स्टेपनीचं वजन लटकत असतं, त्यामुळे बिजागरी, लॉक आणि दाराचे रबरी बंपर लवकर सैल होतात. लॉकचा स्ट्रायकर थोडा आत सरकवला, बंपर बदलले की मोठी खडखड जाते, खर्चही किरकोळ येतो. दारांच्या बीडिंगला कागदाची पट्टी लावून दार बंद करा. पट्टी सहज ओढली गेली तर वारा तिथूनच शिट्टी घालतो. वर रिकामा कॅरिअर असेल तर आधी तो उतरवून चालवून बघा. सस्पेन्शनचे बूश आणि बॉडी माउंट चेसिसची थरथर अडवतात. त्यांचं रबर तडकलं असेल तर नवंच घ्यावं, भंगारातलं रबर फुकट मिळालं तरी नको.

एवढं करूनही पत्रा गुंजत असेल तर ब्यूटाइलची शीट लावा. बोटाने ठोकल्यावर पत्रा ‘टण्ण’ वाजतो तिथेच, सगळा मढवायची गरज नसते. घराच्या छपरावर घालायची स्वस्त डांबरी शीट उन्हात वितळते, वास सोडते. दाराच्या तळाशी पाणी निथळायची भोकं असतात, ती शीटखाली किंवा फोमखाली जाऊ देऊ नका. काम संपल्यावर काचेवर बाहेरून बादलीभर पाणी ओता आणि ते दाराखालून बाहेर पडतं का बघा. नाही पडलं तर कारागिराला तिथेच पॅनल पुन्हा उघडायला लावा.