बहात्तर साली पोटात असलेली माणसं

स्थळ पाहायला आलेली मंडळी चहा घेता घेता एक चौकशी हळूच करून जातात, "घराण्यात कुणाला तसलं काही नाही ना?" 'तसलं' म्हणजे काय, हे दोन्हीकडच्यांना कळतं. मग कुणा चुलत्याचा, कुणा आत्याचा विषय शिताफीनं टाळला जातो. मधुमेह मोकळेपणानं सांगणारी माणसं स्किझोफ्रेनियाचं नाव काढत नाहीत.

या चौकशीमागचा हिशोब अर्धा बरोबर आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर हे आजार काही कुटुंबांत जास्त आढळतात, यात शंका नाही. पण हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता फार तर निम्मी असते. जनुकं तीच, आई तीच, घर तेच आणि तरी एक आजारी, दुसरा ठणठणीत. ही तफावत कुठून येते, हे शोधणाऱ्या वाटांपैकी एक म्हणजे एपिजेनेटिक्स. कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं १९४२ साली हे नाव रूढ केलं.

सोलापूरकराला ते समजावणं सोपं आहे. पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात चादरीचा जकार्ड माग पाहा. ताण्याचे धागे तेच राहतात. वर फिरणारी भोकं पाडलेली कार्डं कुठला धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा ते ठरवतात. डीएनएवर अशीच व्यवस्था असते. मिथाइल नावाचा चिमुकला रासायनिक गट एखाद्या जनुकाच्या सुरुवातीला बसला, की ते जनुक बहुधा गप्प होतं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, ती सैल झाली की जनुक वाचलं जातं, घट्ट झाली की झाकलं जातं. मेंदूची पेशी आणि यकृताची पेशी एकाच डीएनएवर वेगवेगळी कामं करतात ती यामुळेच. ही मांडणी मुख्यतः गर्भात होते आणि त्या वेळी आईच्या ताटात काय आहे, यालाही महत्त्व असतं.

याचा सर्वांत भक्कम पुरावा नेदरलँड्समधून आला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पश्चिम भागाची रसद तोडली आणि माणशी शिधा हजार कॅलरींच्या खाली, काही काळ पाचशेच्या आसपास गेला. मे १९४५ मध्ये सुटका झाली. म्हणजे उपासमारीला सुरुवात होती, शेवट होता आणि जन्माच्या, शिध्याच्या नोंदी शाबूत होत्या. एझ्रा ससर आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं, की ज्यांची गर्भधारणा उपासमार ऐन भरात असताना झाली, त्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण दुप्पट होतं. चीनच्या १९५९-६१ च्या दुष्काळाबाबत आन्हुई प्रांतातून २००५ साली तसाच निष्कर्ष आला. २००८ साली बास हाइमान्स यांच्या गटानं त्या डच हिवाळ्यातल्या साठ जणांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली. वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकावरच्या मिथाइलच्या खुणा साठ वर्षांनंतरही कमी होत्या. मात्र गर्भारपणाच्या सुरुवातीला उपासमार झालेल्यांच्यातच.

इथं एक मेख आहे आणि ती बातम्यांत गळून पडते. खुणा मोजल्या त्या रक्तात. ज्यांच्या मोजल्या, ते स्किझोफ्रेनियाचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच दुष्काळातून निघाल्या, एवढंच म्हणता येतं. एकीमुळे दुसरी झाली, हे सिद्ध झालेलं नाही.

आता आपल्याकडे वळू. सोलापूर जिल्ह्यात बहात्तरच्या दुष्काळाची आठवण नसलेलं जुनं घर सापडणं कठीण. लागोपाठ पावसानं दगा दिला, ज्वारी गेली, जनावरं गेली. खडी फोडायला, पाझर तलावाची माती उपसायला बायामाणसं गेली. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख लोक होते. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी यांवर दिवस निघाले. उपासमारीनं माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली नाहीत, हे त्या कामांचं मोठं यश, आणि पुढे रोजगार हमीचा कायदा झाला तो याच अनुभवातून. पण खडीवर बसलेल्या त्या बायकांत गर्भार बायकाही होत्या. त्यांची तेव्हा पोटात असलेली मुलं आज पन्नाशी ओलांडून बसली आहेत. पोटातल्या मुलीच्या बीजांडांची घडण तिच्या जन्माआधीच झालेली असते. म्हणजे एका बाईच्या उपासात एका वेळी तीन पिढ्या सापडतात.

डच पद्धतीचा हिशोब इथं मांडायचा तर जन्मतारखांपासून अडचण. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहून टाकलेली माणसं गावोगाव आहेत. गर्भारपणाचा कुठला महिना दुष्काळात गेला यावर सगळं शास्त्र उभं, आणि आपल्याकडे महिनाच हरवलेला!

म्हणून पुण्याच्या केईएम रुग्णालयातलं काम मला मोलाचं वाटतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत बायकांची गर्भारपणाआधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली. मुख्य रोख मधुमेहावर होता. पण बहुसंख्य मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं, आणि बी-१२ व फोलेट हीच तर मिथाइल गट पुरवणारी यंत्रणा चालवतात. ज्यांच्या आईच्या रक्तात बी-१२ फार कमी होतं, ती मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष देण्याच्या आणि तात्पुरत्या स्मृतीच्या चाचण्यांत मागे पडली. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी हे आमचं लाडकं जेवण. त्यात बी-१२ नाही. ते दूध, अंडी, मांस-मासळीतून मिळतं. पुण्याच्याच भारती विद्यापीठातल्या २०१० च्या अभ्यासात, औषधं सुरू न झालेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत फोलेट आणि बी-१२ कमी, आणि ती कमी पडली की रक्तात साचणारं होमोसिस्टीन जास्त आढळलं. आजारानं जेवण सुटलं म्हणून हे झालं, की यामुळे आजाराला वाव मिळाला, हे अशा अभ्यासावरून ठरत नाही.

गर्भारपण संपलं म्हणून खुणा बसायच्या थांबत नाहीत. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांच्या गटानं २००४ साली दाखवलं, की आईनं भरपूर चाटलेल्या उंदराच्या पिलांत ताणाला आवर घालणारं एक जनुक अधिक मोकळं राहतं. पिलं जन्मतःच दुसऱ्या आईकडे दिली, तर खुणा सांभाळणाऱ्या आईप्रमाणे बसतात. पुढे २००९ साली, लहानपणी अत्याचार सोसून आत्महत्या केलेल्या बारा जणांच्या मेंदूत त्याच जनुकावर जास्त मिथाइल सापडलं. बारा मेंदू, हेही ध्यानात ठेवायला हवं.

मला भीती आहे ती या संशोधनाच्या गावगप्पांची. 'घराण्याचा दोष' जाऊन 'आईचा दोष' आला, तर काय मिळवलं? खडी फोडणाऱ्या बाईनं मिलो हौसेनं खाल्ला नव्हता. तिच्या ताटाचा जाब शासनाला आणि रेशनच्या दुकानाला विचारायचा. दुसरी गप्प सात पिढ्यांच्या दुःखाची. सस्तन प्राण्यांत गर्भाच्या अगदी आरंभी यातल्या बहुतेक खुणा पुसल्या जातात. नाझी छळातून वाचलेल्या ज्यूंच्या मुलांवरचा २०१६ चा गाजलेला अभ्यास ३२ पालक आणि २२ मुलांवर होता. त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे इमले चढवणं घाईचं आहे.

खुणा बदलू शकतात, ही त्यातली जमेची बाजू. बायपोलरसाठी वर्षानुवर्षं दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट हिस्टोनवरच्या रसायनांत ढवळाढवळ करतं, हे २००१ साली कळलं. त्याचा गुण त्यामुळेच येतो का, हे ठरलेलं नाही. गर्भारपणात मात्र ते बाळाला घातक ठरू शकतं, तेव्हा दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावं, आपल्या मनानं गोळी बंद करू नये. रक्तातल्या खुणा तपासून मानसिक आजाराचं निदान करणारी चाचणी दवाखान्यात अजून आलेली नाही. कुणी विकायला आलं तर पैसे वाचवा. घरातल्या 'तसल्या' माणसासाठी सोलापूरच्या शासकीय रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, आणि घरबसल्या मराठीत बोलायचं तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक.

याज्ञिकांच्या गटानं पुढे २०१२ पासून त्याच खेड्यांतल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना लग्नाआधीच बी-१२ द्यायला सुरुवात केली. बी-१२ मिळालेल्या मातांची मुलं आकलन आणि भाषेच्या चाचण्यांत सरस निघाली. रोजची मात्रा होती दोन मायक्रोग्रॅम.